सासऱ्याच्या खाचरात: वाचकांचे प्रश्न, रोई-एतहून उत्तरं

दिवाळी अंकात मी थायलंडमधल्या माझ्या सासुरवाडीबद्दल दोन पानं लिहिली होती. ती ज्यांच्या वाचनात आली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मूळचा भोर तालुक्यातला, घरी भाताची खाचरं. २००९ मध्ये चाकणहून चोनबुरीच्या एका कारखान्यात टूलरूमला आलो. तिथंच हिशेबाचं काम पाहणाऱ्या मुलीशी २०१३ मध्ये लग्न झालं. २०१७ मध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही दोघं नोकऱ्या सोडून तिच्या गावी, रोई-एत प्रांतातल्या सुवन्नाफूम तालुक्यात राहायला आलो. सुवन्नाफूम म्हणजे आपली सुवर्णभूमीच. लेखावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथं उत्तरं देतो आहे.

माझा एकुलता एक मुलगा बँकॉकला नोकरीला आहे. तिकडच्या खेड्यातल्या मुलीशी लग्न ठरतंय. ती घरात धाकटी. लग्नानंतर आईवडिलांजवळच राहायचं, अशी तिची अट आहे. म्हणजे मुलगा घरजावई होणार. भावकीत काय सांगू? (एक आई, कराड)

काकू, तुमचं पत्र मी बायकोला अर्थ लावून ऐकवलं. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. २०१७ मध्ये माझ्या आईनं फोनवर मला हेच विचारलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

आपल्याकडे घरजावई म्हणजे ज्याचं स्वतःचं काही नाही असा माणूस. ईसानमध्ये तसं नाही. (ईसान हा शब्द संस्कृतातल्या 'ईशान' वरून आला. देशाच्या ईशान्येचे वीस प्रांत मिळून ईसान.) इथं लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, अशी जुनी रीत आहे. थोरल्या मुली काही वर्षांनी जवळपास वेगळं घर बांधतात. धाकटी मात्र आईवडिलांपाशी राहते, त्यांचं म्हातारपण निभावते आणि शेवटी घर तिच्याकडे येतं. तेव्हा तुमच्या होणाऱ्या सुनेनं अट घातली असं मला वाटत नाही. धाकटी म्हणून जी जबाबदारी तिच्या वाट्याला आली, ती तिनं लग्नाआधी उघड सांगितली. मला तर ती मुलगी सरळ मनाची वाटते.

इथं एक म्हण आहे. तिचा अर्थ असा, की म्हाताऱ्यांना सांभाळायला जावई आणला म्हणजे कोठारात भात येऊन पडला. जावयाला 'खेय' म्हणतात, आणि खेय म्हणजे घरात आलेले दोन राबते हात. मान मिळतो तो कामावर. नोकरी, पगार, जात, गाव याबद्दल मला पहिल्या वर्षी कुणी फारसं विचारलं नाही. पाहिलं ते एवढंच, की हा पहाटे उठतो का आणि चिखलात उतरतो का. माझं नशीब की भोरला लहानपणापासून आवणी केलेली. पहिल्या पावसाळ्यात मी रोपाची मूठ आमच्या पद्धतीनं, रोपाच्याच पातीनं वळसा घालून बांधली. सासरे बांबूच्या बाजेवर बसून बघत होते. उजवा हात चालत नव्हता. त्यांनी डाव्या हातानं ती मूठ सोडवून पाहिली आणि मला पुन्हा तशीच बांधून दाखवायला सांगितली. आमची ओळख त्या दिवशी झाली असं मी धरतो. लग्नाला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती.

अडचणी येतील, त्याही सांगतो. घरातल्या काही जागा आणि काही गोष्टी जावयाला वर्ज्य असतात. अशा निषेधांना इथं 'खलाम' म्हणतात. जुन्या वळणाच्या घरात पूर्वजांची खोली असते. तिथं जावयानं आणि सुनेनं पाय ठेवायचा नाही. हे मला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना मदत म्हणून गादी उचलून मी सरळ आत गेलो. कुणी ओरडलं नाही. पण त्या रात्री जेवताना कुणी बोललंही नाही. दुसऱ्या दिवशी बायकोनं फुलांच्या आणि मेणबत्त्यांच्या पाच पाच जोड्या आणल्या, मी त्या खोलीच्या दाराशी बसून क्षमा मागितली आणि विषय संपला. मुलाला सांगा, कुणी गप्प झालं की काहीतरी चुकलंय असं समज आणि बायकोला विचार. इथली माणसं तोंडावर रागवत नाहीत, त्यामुळे ती गप्प बसली की कारण शोधायला आपल्याला शिकावं लागतं.

दुसरी गोष्ट जेवणाची. संध्याकाळी चटईवर एकच ताट मांडतात. मध्ये वाडगे. प्रत्येकजण चिकट भाताचा घास बोटांनी दाबून गोळा करतो आणि त्याच वाडग्यात बुडवतो. उष्टं ही कल्पनाच नाही. माझ्या हातून पहिले काही महिने घास बुडत नव्हता, मी वेगळी वाटी मागून घ्यायचो. त्या वेगळ्या वाटीनं सासूबाईंना किती लागलं, ते मला फार उशिरा कळलं. वाटी मागणं मी ज्या दिवशी सोडलं त्या दिवशी त्यांनी शेजारणीला हाक मारून ते सांगितलं.

काकू, लग्नाला तुम्ही या. लग्नात 'सू ख्वान' नावाचा विधी असतो. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात, ते इकडेतिकडे भटकतात, त्यांना परत बोलावून मनगटाला पांढरा दोरा बांधून ठेवायचं. घरचे, शेजारी, गावचे सगळे एकेक करून वधूवरांना दोरा बांधतात आणि आशीर्वाद पुटपुटतात. माझ्या आईला थाई येत नव्हतं. तिनं दोरा बांधला आणि मराठीत जे मनात आलं ते बोलली. तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांनी हात जोडून मान डोलावली होती.

मुलगा दूर जाणार, हे दुःख मी कमी करून सांगणार नाही. माझी आई अजून दर पोळ्याला फोनवर रडते. पण एक गोष्ट लग्नाआधी ठरवून घ्या. मी सासऱ्यांना तेव्हाच सांगितलं होतं की कापणी उरकली की दरवर्षी एक महिना मी माझ्या आईवडिलांकडे असेन. त्यांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही. आईवडिलांचे उपकार जाणणं, ज्याला हे लोक 'कतन्यू' म्हणतात, हे इथलं सगळ्यात मोठं मूल्य आहे. आपल्या मुलीनं कतन्यू राहावं असं म्हणणारा माणूस जावयाला त्याच्या आईकडे जाऊ नको कसं म्हणेल? भावकीला सांगा, मुलगा दोन घरच्या म्हाताऱ्यांचा झाला.

लग्न ठरलंय. मुलीकडचे 'सिनसोद' (वधूमूल्य) मागतात. शिवाय होणारी बायको म्हणते, गावात दहा राय जमीन घेऊ. पैसे माझे. घ्यावी का? (पुण्याचा, सध्या बँकॉक)

आधी हिशेब. एक राय म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपले जवळजवळ सोळा गुंठे. दहा राय म्हणजे चार एकराला थोडी कमी.

परदेशी माणसाच्या नावावर इथं शेतजमीन होत नाही. बायकोच्या नावावर घेता येते. पण खरेदीच्या वेळी भूमी कार्यालयात तुम्हाला सही करून द्यावी लागते की हा पैसा तिचा स्वतःचा आहे, माझा यावर हक्क नाही. ती सही डोळे उघडे ठेवून करा. पुढे दुर्दैवानं ती आधी गेली, तर वारसानं आलेली जमीन तुम्हाला ठेवता येत नाही, वर्षभरात विकावी लागते. भातशेती, फळबाग, पशुपालन हे धंदे परदेशी माणसाला १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यानं बंद आहेत. आमच्याकडे शेतकरी म्हणून नाव बायकोचं, भात विकल्याचे पैसे जातात तेही तिच्या खात्यात. माझा इथला मुक्काम लग्नाच्या व्हिसावर आहे. त्यासाठी चार लाख बाट थाई बँकेत ठेवावे लागतात आणि दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावा लागतो.

तुमच्यासाठी एक वाट आहे. तिला 'सित्थी केप किन' म्हणतात, शब्दशः 'गोळा करून खाण्याचा हक्क'. मालकी बायकोची, पण हयातभर किंवा तीस वर्षांपर्यंत त्या जमिनीचा उपभोग घेण्याचा हक्क तुमचा. तो जमिनीच्या दाखल्यावर भूमी कार्यालयातच नोंदवायचा. दाखला कोणता ते नीट पाहा. 'छनोद' असेल तर पूर्ण मालकी. 'सो पो को ४-०१' असेल तर ती जमीनसुधारणेत वाटलेली सरकारी जमीन. ती वारसाला जाते, विकता येत नाही. कुणी ती स्वस्तात देऊ करत असेल तर नमस्कार करून उठा.

सिनसोदचं म्हणाल तर तो हुंड्याच्या उलट्या दिशेनं जातो. मुलीच्या आईला दिलेलं ते दुधाचं मोल, असं इथं म्हणतात. सोनं 'बाट' या वजनात मोजतात. दागिन्याचं एक बाट सोनं म्हणजे १५.१६ ग्रॅम, आपलं दीड तोळा. आकडा ठरवायला तुम्ही स्वतः बसू नका. मुलाच्या बाजूनं बोलायला एखादा वडीलधारा माणूस न्या. माझ्या वेळी कारखान्यातले थाई फोरमन आले होते. सासूबाईंनी लग्नात रक्कम सगळ्यांसमोर मांडली आणि नंतर त्यातली बरीचशी आम्हाला घर दुरुस्त करायला परत दिली. सगळीकडे असं होतं असं नाही. म्हणून परत मिळेल असं धरून कबूल होऊ नका, जेवढं देऊन मनाला बोचणार नाही तेवढंच कबूल करा.

जमीन लग्नानंतर दोन पावसाळे सासऱ्याच्या शेतात काढून मग घ्या, हा माझा स्पष्ट सल्ला. कुठल्या खाचरात पाणी थांबतं आणि कुठल्या खाचरात मार्चमध्ये मिठाचा पांढरा थर वर येतो, हे कागद पाहून कळत नाही. या पठाराखाली खनिज मिठाचे थर आहेत.

मुळशीत माझी दोन एकर भातशेती आहे, आंबेमोहर लावतो. तिथं भात कसा करतात, काय वाण, उतारा किती? (एक शेतकरी)

दादा, या प्रश्नानं फार बरं वाटलं.

आमच्या घरची जमीन १८ राय, म्हणजे सात एकराच्या वर थोडी. सगळी पावसावर. त्यातल्या सहा रायात खायचा चिकट भात, बाकीच्यात विकायचा सुवासिक. विकायचा तो 'खाव दोक मली १०५'. दोक मली म्हणजे मोगऱ्याच्या जातीचं फूल, पण ते नाव तांदळाच्या शुभ्रपणामुळं. १०५ हा निवडीतला ओळीचा क्रमांक. वाण १९५९ मध्ये शिफारस झालं आणि आजही त्याला तोड नाही. खायचा चिकट भात 'को खो ६'. तो याच दोक मलीच्या बियाण्यावर गॅमा किरण सोडून काढलेला, १९७७ चा. म्हणजे आमच्या कोठारात शेजारी शेजारी पडलेले हे दोन ढीग एकाच घराण्यातले आहेत.

आणि तुम्हाला आवडेल असं एक सांगतो. दोक मलीचा वास आणि तुमच्या आंबेमोहराचा वास, दोन्हीच्या मुळाशी मुख्य रसायन एकच आहे. मी पहिल्यांदा इथल्या खाचरात फुलोऱ्याच्या दिवसांत उभा राहिलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला फक्त आमच्या भोरच्या अंगणातला वास आला.

पेरा मे-जूनमध्ये. दोक मली दिवसाच्या लांबीवर चालतो. जूनमध्ये लावा की जुलैमध्ये, तो फुलणार ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि कापणीला येणार नोव्हेंबरच्या शेवटाकडे. पाऊस उशिरा आला तरी फुलोरा थांबत नाही, त्यामुळे उशिरा लावलेला भात बुटका राहतो आणि लोंब्या लहान पडतात. आमचा उतारा रायला साडेतीनशे किलोच्या आसपास, चांगल्या वर्षी चारशे. तुमच्या एकराच्या मापानं नऊ ते दहा क्विंटल भात. तुम्हाला हे कमी वाटेल. जमीन वाळूसर आणि खारवट, खत धरून ठेवत नाही. इथले जुने लोक म्हणतात, या जमिनीत भाताला त्रास होतो म्हणूनच त्याला वास येतो.

आवणी आता फार कमी घरं करतात. तरुण मुलं कारखान्यांत गेली, मजूर मिळत नाही, म्हणून बी फेकून पेरतात आणि कापणी मशिननं होते. मशिन गावोगाव फिरत येतं, बांधावर नंबर लावून वाट पाहावी लागते. आम्ही खायच्या सहा रायात अजून रोपं लावतो. सासूबाईंचा तो आग्रह आहे आणि मलाही तो आवडतो. पहिली रोपं लावण्याआधी शेताच्या राखणदाराला, 'ता हॅक'ला, नैवेद्य दाखवायचा. शेताच्या एका कोपऱ्यात त्याची जागा असते. भोरला आमचे आजोबा खाचराच्या कडेला नारळ फोडायचे.

नव्या भाताचं कोठार मन मानेल तेव्हा उघडायचं नाही. तिसऱ्या चांद्रमासातल्या शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपल्या माघात, दार उघडायचा विधी होतो. तोवर कोठाराबाहेर वेगळा काढलेला भात खायचा.

मी डोंबिवलीची. नवरा खोन केनजवळच्या गावातला. मी शाकाहारी आहे. सासूबाई प्रेमानं वाढतात, पण प्रत्येक पदार्थात आंबवलेल्या माशाचा रस. मी उपाशी उठते आणि त्यांना वाटतं मला त्यांचं घर आवडत नाही.

ताई, तो रस म्हणजे 'प्ला रा', इथल्या बोलीत 'प्ला दॅक'. नदी-तळ्यातले मासे, मीठ आणि भाताचा कोंडा किंवा भाजलेल्या तांदळाची पूड, कित्येक महिने रांजणात मुरवतात. त्यांच्या दृष्टीनं तो पदार्थ नव्हे, आपण फोडणीत हिंग घालतो तसा तो घालतात. म्हणून 'मी मासे खात नाही' म्हटलं तरी तो पडतोच. 'बो साय प्ला दॅक', म्हणजे 'प्ला दॅक घालू नका', हे वाक्य पाठ करा आणि हसून म्हणा. शाकाहाराला थाईत शब्द आहे 'मांग्सविरात', आपलीच 'मांसविरती'. गावात तो पुस्तकी वाटतो, तरी वडीलधाऱ्यांना कळतो. त्याबरोबर कारण धर्माचं सांगा. आवडनिवड सांगितली तर ती बदलेल असं त्यांना वाटत राहतं, व्रत म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. त्यांच्यातही वर्षावासाच्या तीन महिन्यांत काही जण मद्यमांस सोडतात.

मग स्वयंपाकघरात जा. खरा इलाज तिथं आहे. खलबत्ता त्यांचाही आहे, आपल्यापेक्षा मोठा. त्यांचा 'जॅव' म्हणजे भाजलेल्या मिरच्यांचा ठेचाच, फक्त त्यात प्ला रा. तुमच्यासाठी वेगळा ठेचा तुम्हीच कुटा आणि सगळ्यांसमोर ठेवा. मी शेंगदाण्याची चटणी केली, लसूण जरा जास्त घालून. इथल्या वाळूसर जमिनीत भुईमूग छान येतो. ती आता आमच्या सासूबाई चिकट भाताबरोबर खातात आणि बहिणीला डबा भरून पाठवतात. पावसाळ्यात जंगली अळंबी, बांबूचे कोंब, नाल्यातली 'फाक बुंग' भाजी, कच्ची पपई, वर्षभर केळी. उपाशी राहायची वेळ येणार नाही. चिकट तांदूळ रात्री भिजवून पहाटे बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवायचं काम स्वतःकडे घ्या. ज्या सुनेच्या हातचा भात सकाळी भिक्षेला येणाऱ्या भिक्षूंच्या पात्रात जातो, तिला घर आवडत नाही असं कुणी म्हणणार नाही.

बायको दरमहा माहेरी पैसे पाठवते. आता तिचे भाऊ, मावश्याही मागतात. नाही म्हटलं तर मी कंजूष ठरतो. (ठाणे, सध्या रायोंग)

आईवडिलांचे पैसे आणि बाकीच्यांचे पैसे, यांचा विचार वेगवेगळा करा. आईवडिलांना पाठवलेले पैसे मदत म्हणून धरू नका, ते 'बुनखुन' आहे, फेडायचं ऋण. त्यावर बोट ठेवलं तर तुम्ही बायकोच्या माणूसपणावर बोट ठेवता. ते थांबणार नाही, थांबूही नये. रक्कम दोघांनी ठरवा आणि ती घरखर्चात भाड्यासारखी धरा.

बाकीच्यांना नाही म्हणायचं ते बायकोनं, तिच्या भाषेत, तिच्या वेळेला. तुम्ही नाही. आणि चारचौघांत कधीच नाही, कारण मागणाऱ्याचं तोंड तिथं पडतं. मी ही चूक केली आहे. सासूबाई समोर असताना मी बायकोला विचारलं की मागच्या महिन्यातले आठ हजार बाट कुठं गेले. ते तिच्या भाच्याच्या शाळेच्या गणवेशाला आणि एका अंत्यविधीच्या पाकिटांना गेले होते. दोघी पंधरा दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. अंत्यविधी इथं अनेक दिवस चालतो, सगळं गाव रात्री जागतं, बायका स्वयंपाकाला येतात आणि प्रत्येक घर पाकिटात पैसे देतं. कुणी किती दिलं ते वहीत लिहिलेलं असतं. उद्या तुमच्या घरी तसा प्रसंग आला की तेच परत येतं. २०२१ मध्ये सासरे गेले तेव्हा ती वही मी पाहिली. मी ज्याला उधळपट्टी समजत होतो, ते सगळं तिच्यात परत आलेलं होतं, माणसांसकट.

आईवडिलांना (दोघांनाही मधुमेह) जुलैमध्ये सासरी नेणार आहे. काही काळजी?

हो, आणि ती मनावर घ्या. ईसानच्या माती-पाण्यात मेलिऑयडोसिस या आजाराचे जंतू असतात. पावसाळ्यात भाताच्या चिखलातून, जखमेवाटे ते अंगात शिरतात, आणि मधुमेही माणसाला या आजाराचा धोका सगळ्यात जास्त असतो. आईवडिलांना अनवाणी खाचरात उतरू देऊ नका. फोटोसाठीसुद्धा नको. उतरायचंच असेल तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालायचे आणि पायाला भेग किंवा जखम असेल तर तेही नाही. ताप आला तर डॉक्टरांना 'मधुमेह आहे आणि शेतात गेलो होतो' ही दोन्ही वाक्यं लगेच सांगा. चिकट भातानं साखर झपाट्यानं वाढते, तेव्हा तो त्यांना बेतानं वाढा. आणि गोड्या पाण्यातला कच्चा मासा, 'कोय प्ला', कुणीही कितीही आग्रह केला तरी खाऊ नये. त्यातून यकृतात एक कृमी जातो आणि वर्षानुवर्षं राहिला तर पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. जगात तो कर्करोग सगळ्यात जास्त याच भागात आहे. आमच्या गल्लीतले दोन पुरुष पन्नाशीच्या आत त्यानं गेले.

थाई शिकू की ईसानी? (नागपूर)

कचेरीसाठी थाई, घरासाठी ईसानी. ईसानी म्हणजे मुळात लाओ भाषा. आधी 'पाय साय?' शिका, म्हणजे 'कुठं चाललात?' सकाळी भेटणारा प्रत्येकजण हेच विचारतो, आपल्या गावाकडे विचारतात तसंच, आणि खरं उत्तर कुणालाच नको असतं. थाईत संस्कृत-पालीतून आलेले शब्द बरेच आहेत: 'सामी' नवरा, 'फनराया' बायको, 'आहान' जेवण, 'ख्रू' शिक्षक. पण लिहिताना सोपे वाटले तरी सूर चुकला की कुणाला कळत नाहीत, म्हणून कानानं शिका.

इतक्या वर्षांनी तुम्हाला तिथं परका मानतात का? (सोलापूर)

गोऱ्या माणसाला इथं 'फरांग' म्हणतात, आपल्याला 'खॅक'. खॅकचा मूळ अर्थ पाहुणा. पहिली दोन वर्षं मी गावात 'त्या घरचा खॅक' होतो. शब्द वाईट हेतूनं कुणी वापरला नाही, पण ज्या घरात मी शेण काढत होतो त्या घरचा पाहुणा म्हणवून घेणं जड जायचं.

आमचं गाव 'थुंग कुला रोंगहाय' या विस्तीर्ण माळाच्या कडेला आहे. नावाचा अर्थ, जिथं कुला रडले तो माळ. कुला म्हणजे दूरदेशचे फिरते व्यापारी. माल घेऊन हा माळ ओलांडताना ना झाड ना पाणी, म्हणून ते रडले, अशी गोष्ट सांगतात. २०१८ च्या एप्रिलमध्ये, भोरला वडिलांचं ऑपरेशन चालू असताना मला जाता आलं नव्हतं, तेव्हा मी या माळावर एकटाच जाऊन बसलो होतो. त्या व्यापाऱ्यांचं मला अगदी खरं वाटलं.

पण याच खॅक शब्दाचा आणखी एक वापर आहे. शेजाऱ्यांनी मिळून एकेकाच्या शेतात फुकट राबायचं, ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. आपली इर्जिक. तिला थाईत 'लोंग खॅक' म्हणतात, पाहुणे शेतात उतरवणं. २०१९ मध्ये आमच्या खायच्या भाताची लावणी अशीच झाली, पंधरा-सोळा माणसं आली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या फो याय, म्हणजे आजोबांच्या, शेतात जायचं होतं. त्यांनी सकाळी कुंपणापाशी येऊन बायकोचं नाव न घेता मलाच हाक मारली, 'खेय, चल, उतरायचंय.' त्यानंतर आमच्या गल्लीत मला खॅक कुणी म्हटल्याचं आठवत नाही. तालुक्याच्या बाजारात अजून म्हणतात.

तुमच्याकडे म्हशी आहेत का? त्यांची नावं काय? तिथं पोळा असतो का? (इयत्ता सहावी, सासवड)

दोन आहेत. थोरलीचं नाव थोंग, म्हणजे सोनं. धाकटीचं नाव मी ठेवलं, चंद्री. सासूबाईंना 'द्र' जड जातं, त्या 'चान' म्हणतात. थाईत चान म्हणजे चंद्रच, त्यामुळे नाव बदललेलं नाही. पूर्वी इथं म्हशीच नांगर ओढत. आता चालत्या माणसानं धरायचं दोन चाकांचं यंत्र आलं आहे, त्याला लोक 'लोखंडी रेडा' म्हणतात. आमच्या दोघी आता शेण देतात, रेडकं देतात आणि संध्याकाळी तळ्यात डुंबतात.

पोळा इथं नसतो. पण बहुतेक वर्षी ज्या अमावास्येला तुमच्याकडे पोळा असतो, त्याच पहाटे इथं पितरांसाठी केळीच्या पानात भात, फळं आणि गोड बांधून देवळाच्या आवारात झाडांखाली, जमिनीवर ठेवतात. अंधारातच जायचं, मेणबत्ती घेऊन. सासऱ्यांच्या नावाचं पान मी ठेवतो. तिथून आलो की तळ्यावर थोंग आणि चंद्रीला घासून धुतो, शिंगांना तेल लावतो आणि गळ्यात झेंडूची माळ घालतो. गेल्या वर्षी शेजारची चार पोरं आपापल्या म्हशी घेऊन आली होती. माळा कमी पडल्या. यंदा झेंडू जास्त लावला आहे.